त्सुकुदाचा बोलणारा प्रोग्राम

जपानमधल्या ताकादा शहरात त्सुकुदा हिदेओमी नावाचा माणूस राहतो, हे त्याच्या गल्लीतसुद्धा फारसं कुणाला ठाऊक नाही. दिवसभर छापखान्यात कागद कापायचा आणि संध्याकाळी एक जुना प्रोग्राम सांभाळायचा. पडद्यावरची अक्षरं आंधळ्यांना वाचून दाखवणारा. मूळ लिहिणारा केव्हाच वारला. प्रोग्राम फुकट, त्यामुळे सांभाळणाऱ्यालाही दमडी मिळत नाही. असल्या बिनपगारी माणसांच्या जिवावर केवढं जग चाललंय, आणि त्यांची आठवण होते ती काही मोडलं की.

त्याच्याच गल्लीत मुरासे किनुए नावाच्या बाई राहायच्या. जन्मांध. सुया टोचून, अंग चोळून लोकांची दुखणी बरी करायच्या, म्हणून सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, आपल्याकडे मानानं डॉक्टर म्हणावं तसं. रोग्यांच्या नोंदी संगणकावर, आणि त्या वाचून दाखवायला त्सुकुदाचा प्रोग्राम. कुणाला कुठे टोचायचं नाही, कुणाला रक्त पातळ करायचं औषध चालू आहे, सगळं त्यात. तो प्रोग्राम होता म्हणून दवाखाना चालत होता, आणि दवाखाना होता म्हणून पुतण्याच्या घरी जाऊन राहायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षी कंपायलरची नवी आवृत्ती आली. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला समजावणारा दुभाष्या. जुना बारीकसारीक चुका चालवून घ्यायचा, नवा अडून बसला. सगळे प्रोग्राम नव्यानं बांधायचे, म्हणजे या नव्या दुभाष्याकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचे, आणि जो मुदतीत बांधला जाणार नाही तो फुकट प्रोग्रामांच्या सामायिक साठ्यातून बाहेर, असं ठरलं. त्सुकुदानं बांधायला घेतलं तर चुकांची रांगच लागली. शिवाय आवाज काढणाऱ्या ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या तुकड्यांवर, प्रोग्राम उभा होता, तीही बदललेली. जुनी लायब्ररी घ्यावी तर कंपायलर रुसतो, कंपायलर जुना घ्यावा तर लायब्ररी. निस्तरता निस्तरता शेवटी एकच तक्रार उरली: लायब्ररीतलं हे फंक्शन, हा कामाचा तुकडा, मला माहीत नाही, ते काय परत देईल याचा मला अंदाजच करावा लागेल.

मुदत तोंडावर आली होती. मग त्यानं या कामातले सगळेच कधी ना कधी करतात तेच केलं. बांधणीच्या सूचनांत एक शब्द घालून कंपायलरला बजावलं, की ही तक्रार चूक म्हणून धरू नकोस. प्रोग्राम बांधला गेला. चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पार पडल्या. साठा सांभाळणाऱ्या दूरदेशीच्या मंडळींनी आभार मानले. त्याला बरं वाटलं, आणि का वाटू नये?

पण कंपायलरचा अंदाज चुकत होता. सेन्सेईंच्या संगणकावर आलेला नवा प्रोग्राम बोलता बोलता मधेच बंद पडायचा. डोळसाला पडद्यावर काहीतरी दिसलं असतं. सेन्सेईंना नुसती शांतता ऐकू यायची. त्या पुन्हा चालू करायच्या, वाट पाहायच्या, आपलाच संगणक म्हातारा झाला असं समजायच्या. त्सुकुदा रस्त्यात भेटला तर वाकून नमस्कार आणि बर्फाच्या गप्पा. फुकट करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, ही तिथली रीत. अशा रीतीपायी माणसं मुकाट्यानं बुडतात, याचा मला संताप येतो.

एका सकाळी प्रोग्राम वाक्याच्या मधेच थांबला आणि सेन्सेईंनी आठवणीवर विसंबून सुई उचलली. रोग्यानंच आपल्या रक्त पातळ करायच्या औषधाचं बोलून दाखवलं, म्हणून निभावलं. त्यांनी जागा सोडायचं ठरवलं.

दवाखान्याची पाटी उतरताना दिसली तेव्हा त्सुकुदा आत गेला, आणि मग सगळं कळलं. घरी येऊन त्यानं शोधलं. त्या अनोळखी फंक्शनची कंपायलरला ओळख करून देणारी एक ओळ घालायची होती. तो दुरुस्त प्रोग्राम घेऊन गेला तेव्हा संगणक सोडून सगळं सामान बांधून झालं होतं, पुतण्या बाहेर गाडीत होता. त्सुकुदानं खाली मान घालून कबूल केलं, की कंपायलरनं सांगितलं होतं, मीच त्याला गप्प केलं.

सेन्सेई म्हणाल्या, "त्सुकुदा-सान, तुम्ही ऐकून पाहिलं होतंत का?"

"नाही. चाचण्या पडद्यावर बघितल्या. माझ्या मशीनला स्पीकरच नाही."

"मला हाक मारायचीत. दिवसभर ऐकणारी मी इथेच तर होते."

जागा दुसऱ्याला दिलेली होती, परत फिरायला वाव नव्हता.

"आता एवढं करा," त्या म्हणाल्या. "रोग्यांच्या नोंदी पुसून द्या. त्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत."

त्सुकुदानं दुरुस्त प्रोग्राम त्यांच्या संगणकावर चढवला, समोर बसला आणि एकेक नोंद पुसू लागला. पुसण्याआधी प्रोग्राम प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होता, स्वच्छ, कुठेही न अडता. सेन्सेई अंगात कोट घालून शेवटच्या नावापर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.