आमोण्याची तार

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती.

आमोण्यातल्या एका लग्नात नवरदेवाला हेलिकॉप्टरने आणायची टूम निघाली. भाड्याचं, चार माणसांचं छोटं यंत्र. नदीकाठच्या शेतात उतरताना त्याचा पंखा विजेच्या तारेला लागला आणि ते गिरकी घेऊन चिखलात कलंडलं. वैमानिकाचं मनगट मोडलं. नवरदेवाला खरचटलंही नाही. तो चिखलाने माखून चालत मांडवात गेला, तेव्हा सासऱ्याने त्याला आधी हटकलं म्हणे. गावाची वीज गेल्यामुळे भटजींनी मंगलाष्टकं माइकशिवाय म्हटली आणि मुहूर्त साधला.

आम्ही गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. यंत्राचा तपास विमान खात्याकडे होता. आमच्यासमोर प्रश्न एवढाच, की जागा सुरक्षित आहे असं कुणी सांगितलं? हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस साताऱ्याकडचा. त्याने जबाब दिला, ‘दोन दिवस आधी मी जागा बघायला आलो. शेजारच्या वाफ्यातल्या म्हाताऱ्याला विचारलं, इथे तार आहे का? तो नाही म्हणाला.’ विजेचे खांब माडांच्या आड होते. त्याने मान वर न करता फॉर्मवर खूण केली होती.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने मिरच्यांची रोपं झोपतील म्हणून तो म्हातारा नवरीच्या बापाशी भांडला होता, त्याने मुद्दामच खोटं सांगितलं, असा निरोप. स्वतःचं नाव न सांगणाऱ्यांना बाकी सगळ्यांची नावं बरोबर ठाऊक असतात. नवरीचा बाप तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यात येऊन बसला. म्हाताऱ्याला आत टाका, हे एकच पालुपद.

मी म्हाताऱ्याला बोलावलं. सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीचा सदरा घालून आला. सोबत बायको. ती व्हरांड्यात बसली. तिच्या पिशवीत त्याच्या गोळ्या, टॉवेल आणि एक चादर होती. नवरा आज घरी येणार नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं. ती चादर बघून मला बरं वाटलं नाही.

“तार नाही असं तुम्ही सांगितलंत?” मी विचारलं.

“होय, सांगलां.”

“मिरच्यांवरून राग होता?”

“राग होतो. अजून आसा.”

“म्हणून खोटं बोललात?”

“खोटा कित्याक सांगू? तार ना म्हणजे ना.”

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, “साहेब, माणूस सगळां कबूल करता. कागद तयार करू?”

मी हो म्हणालो. अटकेचा कागद खरोखरच टेबलावर आला. पण सही करताना हात अडला. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्यांदा विचारलं की थोडा मऊ पडतो, सारवासारव करतो. हा दर वेळी जास्तच ताठ होत होता.

“चला,” मी म्हणालो, “कुठली तार नाही ती जागेवर दाखवा.”

पंच, कंपनीचा माणूस आणि नवरीचा बापही सोबत आले. जीपमधून उतरल्यावर म्हातारा विजेच्या खांबापाशी थांबलाच नाही. तुटलेल्या तारेला वळसा घालून थेट नदीवर गेला आणि शेवाळलेल्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं.

“हंय तार लागताली. तीस वर्सां मी तिचो दोर बांधलो. पूल झालो आणि तार बंद पडली. तो पावणो विचारता, तार आसा? मी सांगलां, ना.”

मी मागे वळून लोंबकळणाऱ्या तारेकडे हात केला. “आणि ही?”

“ती?” तो म्हणाला. “ती वायर.”

आमच्या भागात तार म्हणजे नदी ओलांडायची फेरीबोट आणि तिचा धक्का. पंच पोट धरून हसले. नवरीचा बापही हसला आणि म्हणाला, “माका विचारला असता तरी मीय ‘ना’च म्हटला असता.” कंपनीच्या माणसाने मान खाली घातली आणि वर बघायला हवं होतं, हे कबूल केलं. म्हाताऱ्याला मात्र हसू आलं नाही. “म्हणजे मी आता घरा वचू?” असं त्याने दोनदा विचारलं.

तपासात शब्द तंतोतंत उतरवून घ्यावा, असं मी नव्या लोकांना आयुष्यभर शिकवलं. इथे तर तंतोतंतच उतरवला होता. जबाबातलं अक्षर चुकलं नव्हतं आणि तरी एक निरपराध माणूस कोठडीच्या दारात उभा होता. शब्दाबरोबर तो बोलणाऱ्याचं गावही लिहून घ्यावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

लाज वाटते ती एका गोष्टीची. सातारकराला तार कळली नाही, हे ठीकच आहे. पण मी पेडण्याचा. चोपड्याच्या तारीवर आईचं बोट धरून मी लहानाचा मोठा झालो, आणि खाकी अंगावर चढवून खुर्चीत बसल्यावर मलाही त्या शब्दात फक्त वायरच ऐकू आली.