कोकराच्या कपाळावरचा हात

सटवाला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमची दारं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढीच गल्ली. पण तो वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं रानोमाळ, आणि मी घराबाहेर कमीच पडणारा. राम राम झाला की आमचं बोलणं संपायचं. पुढं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, मागाहून सांगितलेलं. थोडं मी दारातून पाहिलेलं. सांगण्यात कमीजास्त झालं असेल तर ते माझ्याकडून.

सटवा पन्नाशी ओलांडलेला धनगर. अंगानं चिवट, बोलायला मिश्कील, आणि पेटला की मागचापुढचा विचार नसलेला. धारूरच्या घाटात एकदा कळपात शिरलेल्या लांडग्यावर त्यानं घोंगडी टाकली आणि वर बसून गुडघ्यानं त्याची मान मोडली. लांडग्यानं मरता मरता दंडाचा लचका तोडला होता. तो खड्डा तो बाही वर सारून दाखवायचा आणि म्हणायचा, "त्यानं बी मेहनत केली हाय, त्याचं बी नाव घ्या."

त्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. मेंढरं घेऊन पोरगा लखन आणि सून उज्ज्वला गोदाकाठाकडं उतरली आणि सटवा जन्मात पहिल्यांदा हिवाळ्याचा घरी राहिला. त्याच्याजवळ राहिला ढाण्या.

ढाण्या म्हणजे त्याचा काळा एडका. त्याची आई विताना मेली, म्हणून सटवानं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. धनगरांत एक नेम आहे, नर कोकराच्या कपाळाला हात लावायचा नाही. हात लावला की ते ढुशी मारतं, आपण हसतो, आणि माणूस टक्कर घ्यायलाच असतो हे त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. लहानपणी लखननं असा हात लावला तेव्हा सटवानं त्याला चाबकानं फोडला होता. पण ढाण्याच्या वेळी तो स्वतःच भुलला. रोज संध्याकाळी उकिडवा बसून कोकराच्या कपाळाला तळवा लावायचा आणि म्हणायचा, "ये बे पैलवाना." कोकरू धडकायचं, सटवा मुद्दाम उताणा पडायचा, आणि साखराबाई भाकरी थापता थापता हसायची.

दोन वर्षांत शिंगांनी वेढे घेतले. मार्गशीर्षात ढाण्यानं गल्लीतलं एक कुत्रं अंगणाच्या भिंतीवर चेंबटलं. त्याच्या नाकातोंडातून रक्त आलं, पाय दोनदा झाडले आणि संपलं. त्यानंतर त्यानं घराचं कवाड फोडलं. साखराबाईनं सटवाला न विचारता धारूरच्या खाटकाला फोन लावला. शुक्रवारी सकाळी येतो म्हणाला.

सटवाच्या हाती गुरुवारचा दिवस उरला. बायकोला भांडून वळवता येत नाही हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं दुसरा रस्ता धरला. दिवसभर तिला हसवायची, आणि दिवस मावळायच्या आत एडका राखायचा.

उन्हं अंगणात आली तरी तो घोंगडीत लोळत होता. साखराबाई म्हणाली, "आवं उठा की. दुपार झाली."

"कावून उठू? मेंढरं न्हाईत, लांडगा न्हाई. आज म्या नवरदेव हाय."

"नवरदेवाच्या तोंडाला वास मारतोय. दात घासा आधी."

त्यानं दात घासले, गरम पाण्यानं अंघोळ केली, आणि तिनं बाजरीची भाकरी तीळ लावून भाजली तेव्हा चुलीपुढून हलेना. तिच्या पाठीवर गार पाण्याचा हबका मारला. तिनं जळतं लाकूड उगारलं. तो गुडघा विसरून अंगणात पळाला आणि दाव्याला बांधलेल्या ढाण्यामागं लपला. "मार, मार. ह्यो माझा वकील हाय."

"वकिलाला उद्या फाशी हाय," ती म्हणाली.

ढाण्यानं मधेच दाव्याला हिसका दिला तशी मेख मातीत हलली. सटवानं ती दगडानं पुन्हा ठोकली.

दुपारी त्यानं अंगणातल्या फरशीवर कोळशानं वाघ-बकरीचा पट आखला. रानात बसून खेळायचा हा त्यांचा जुना डाव. सटवाचे दोन खडे म्हणजे वाघ, साखराबाईचे चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघ कोंडायचे.

"पैज लावतीस का?" तो म्हणाला. "मी जिंकलो तर लखन येस्तोवर ढाण्या ऱ्हाईल."

"आन् हरलात तर?"

"हरलो तर माझ्या हातानं त्याला गाडीत घालतो. तोंड वर करून बघणार न्हाई."

साखराबाई त्या डावात तरबेज. पहिला वाघ तिनं बघता बघता कोंडला. सटवाचं तोंड उतरलं. बोटं खड्यावर नुसतीच फिरू लागली. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा एडक्याकडं, आणि एक बकरी उचलून सरळ वाघाच्या वाटेत ठेवली. ती चाल मुद्दाम केली, असं ती पुढं मला म्हणाली. सटवानं ती बकरी खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी. जिंकल्यावर तो फरशीवर आडवा पडून लहान लेकरासारखा हसला.

"लबाडी केली तुमी," ती म्हणाली.

"केली. लई केली."

त्या आनंदात त्यानं ढाण्याचं दावं सोडलं. साखराबाईनं चुलीत लाकूड सारलं आणि ओंजळभर भिजले हरभरे आणले. एडका ते शांतपणे खाऊ लागला. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे. नवरा रोज संध्याकाळी करायचा तशी ती त्याच्यापुढं उकिडवी बसली, मान वाकवली आणि त्याच्या कपाळाला तळवा लावून सटवाच्याच आवाजात म्हणाली, "ये बे पैलवाना."

सटवा पोट धरून हसत होता. ढाण्या दोन पावलं मागं सरला.

माणूस मागं सरला तर भ्याला म्हणतात. एडका मागं सरतो तो धाव घ्यायला. सटवा ओरडला, "साखरे, ऊठ."

तिला तोही खेळच वाटला. ती तशीच बसून राहिली. ढाण्या अजून मागं गेला आणि त्यानं मुंडकं खाली घातलं. सटवा झेपावला, पण गुडघा वाकला आणि तिला ढकलायच्या ऐवजी तो तिच्यावरच पडला. टक्कर त्याच्या बरगड्यांत बसली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तो मला गल्लीच्या अलीकडं ऐकू आला.

मी दारात येईतो ढाण्या दुसऱ्यांदा धावला होता. सटवानं बसल्या बसल्या त्याची शिंगं धरली. एडक्यानं त्याला अंगणभर फरफटवलं आणि पाण्याच्या दगडी डोणीवर आपटलं. भुवई फुटली, डोळा रक्तानं भरला, पण हात सुटले नाहीत. साखराबाईनं मुसळ आणून एडक्याच्या पाठीत घातलं, पुन्हा घातलं. तिसऱ्या तडाख्याला मुसळ मोडलं. ढाण्या हिसका मारून सुटला आणि तिच्याकडं वळला. तिच्यामागं भिंत होती, कुत्रं चेंबटलं तीच.

सटवानं सरपटत जाऊन त्याची मागची तंगडी धरली. एडक्यानं खूर मारून त्याचा ओठ फाडला. त्यानं तंगडी पिरगळली, जनावर कुशीवर पडलं, तसा तो अंगानिशी त्याच्या मानेवर पडला आणि ओरडला, "कुऱ्हाड."

तिनं कुऱ्हाड आणली आणि तशीच उभी राहिली. जो एडका महिनाभर तिला नको होता, त्याच्यावर तिचा हात उचलेना. "जिंकलात की हो तुमी," ती रडत म्हणाली.

"हाण, साखरे. माझी ताकद सरली."

पहिला घाव शिंगावर घसरला आणि ठिणगी उडाली. एडक्यानं सटवाला हातभर उचललं. दुसरा कानामागं रुतला. तिनं डोळे मिटून तिसरा घातला तेव्हा कवटी फुटली, गरम रक्त सटवाच्या तोंडावर, तिच्या पातळावर आणि त्या पटावर उडालं. पाय बराच वेळ झाडत राहिले. मग तेही थांबले.

मी आत गेलो तेव्हा सटवा एडक्याला टेकून बसला होता. श्वास घेताना त्याच्या छातीत काहीतरी घासत होतं. तो बायकोला म्हणाला, "मान उताराला कर. रगत निघू दे, न्हाई तर मटण काळं पडतंय."

"आग लागो त्या मटणाला," साखराबाई म्हणाली, आणि पदरानं त्याचं तोंड पुसू लागली. तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. हे त्यानं तिला उभी करून, मागून पुढून फिरवून, दोनदा बघून घेतलं.

गावातल्या आसारामनं त्याची पिकअप दारात आणली. सटवाला बाजेसकट वर चढवलं. तो दवाखान्यातून परत आला नाही. फुटलेली बरगडी फुप्फुसात घुसली होती, असं साखराबाईला सांगितलं. शुक्रवारी सकाळी खाटीक आला, तेव्हा झालं ते सांगायला मी एकटाच होतो.

आदल्या दिवशी पिकअप सुरू झाली तेव्हा मी बाजेपाशी उभा होतो. सटवानं मान वळवली.

"तात्या, आमच्या चुलीत जळतं लाकूड तसंच हाय. तेवढं वढून काढा भाईर."

"काढतो," मी म्हणालो.