मेव्हण्याचा रांजण

लिंबाजी माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक काटेरी कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून आमची निम्मी हयात भांडणात गेली. कधी त्याच्या शेळीनं माझ्या कुंड्या फस्त केल्या म्हणून, कधी त्याच्या पोराला, गोपीचंदला, मी शाळेत कान धरून उभं केलं म्हणून. मी इथल्याच शाळेत बाई होते. नवरा गेला, नोकरी संपली, तरी परभणीला भावाकडे राहायला गेले नाही. सोनपेठच्या बाजाराला पायी जाऊन येता येईल अशा या गावातच राहिले. माझ्या फटकळ तोंडाला इथली माणसं सरावलीत, परभणीतल्या माणसांना पुन्हा सवय कोण लावत बसणार?

लिंबाजी उंच, हाडकुळा, टोपी कायम एका कानावर आणि तोंड कायम चालू. कुणाची टिंगल केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. पण कोयता हातात घेतला की हा माणूस गप्प व्हायचा, असं सारजाबाई सांगायची. सारजाबाई म्हणजे त्याची बायको. लिंबाजी पोरपणापासून आई-बापाबरोबर जायचा, आणि लग्न झालं त्या सालापासून दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायची. घराला कुलूप, शेळ्या ट्रॅक्टरमध्ये, चूल ट्रॅक्टरमध्ये, पोर असेल तर तेही ट्रॅक्टरमध्ये. परतायची ती होळी-पाडव्याच्या सुमाराला. त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की मी पेटीतून शाल काढायची.

त्यांच्या अंगणात वळचणीला एक जुना रांजण आहे. लिंबाजीच्या आईचा. बुडाला तडा गेलेला, म्हणून पाण्याच्या कामाचा राहिला नाही. घराची जागा सगळी मुरमाड, तिथं गवतसुद्धा नाइलाजानं उगवतं. तेव्हा सारजाबाईनं त्या रांजणात काळी माती भरली आणि माहेराहून आणलेला एक रानकांदा त्यात लावला. एकाचे पुढं बरेच झाले. मृगाचा पाऊस झाला की त्यातून जाड हिरवा दांडा वर यायचा, आणि संध्याकाळी पांढरी मोठी फुलं उमलायची, मान खाली घातलेली, प्रत्येक पाकळीवर मधोमध गुलाबी रेघ. वास असा की कुंपण ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायचा. रोपवाटिकेतून पैसे मोजून आणलेल्या माझ्या लिल्या त्या दिवसांत मला अगदी फिक्या वाटायच्या. हेवाच वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सारजाबाईचं माहेर सेलूकडचं वालूर. तिची पाठवणी झाली तेव्हा तिच्या थोरल्या भावानं तिथल्या ओढ्याच्या काठावरून हा कांदा उकरला, फडक्यात बांधला आणि तिच्या ओटीत टाकला. देण्यासारखं दुसरं काही त्या घरात नव्हतं. पुढं आई-बाप गेले. मग हा भाऊही काविळीनं गेला. घर पडलं, जागा दुसऱ्याच्या ताब्यात गेली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या बाया भावाचा उपास धरतात. भाऊ गेल्यावरही सारजाबाईनं तो धरला. दुसऱ्या दिवशी तिनं रांजणाला हळदी-कुंकू वाहिलं आणि मग तोंडात घास घातला. शेजारच्या बाया हसल्या. लिंबाजी मात्र टोपी सारखी करून म्हणाला, “हसता काय? मेव्हणं हाय माझं ते.”

तेव्हापासून तो रांजण गावात मेव्हणा झाला. दांडा वर आला की लिंबाजी कुंपणावरून ओरडायचा, “बाई, मेव्हणं उठलं!” आणि फुलं आली की, “बघा, फेटा बांधून बसलंय!” सारजाबाई वरवर रागवायची. पण त्या थट्टेत तिचं माहेर शाबूत होतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्याच्या गेल्या पंचमीला माझी भाची मैथिली आली होती. ती वनस्पतींचं शिकते. तिनं ती फुलं बघितली आणि चहा तसाच टाकून कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. परत आली ती बडबडतच. म्हणे हा गडांबी कांदा, बागेतल्या लिल्यांचा रानातला भाऊबंद. असे रानातले भाऊबंद होते म्हणून बाजारातल्या बऱ्याच लिल्या घडल्या. पण ह्याची गुलाबी रेघ तिनं बघितलेल्या कुठल्याच कांद्यासारखी नव्हती, चांगलीच गडद होती.

“मावशी, याला कधी बी धरतं का?” तिनं सारजाबाईला विचारलं.

“कधीच न्हाई बाय.”

“हे सगळे एकाच कांद्याची पिल्लं आहेत, म्हणून धरत नसणार. त्याच ओढ्यावरचा दुसरा कांदा मिळाला तर धरेल.”

मग आम्ही तिघी एसटीनं पाथरी, तिथून सेलू आणि पुढं वालूर अशा गेलो. सारजाबाई नवं लुगडं नेसली होती. ओढ्यावर पोचलो तर ओढा ओळखू येईना. मशीन लावून त्याचं खोलीकरण केलेलं, दोन्ही काठ उभे कापलेले, झाडोऱ्याचं नाव नाही. बायनाबाई नावाची एक म्हातारी तिथं शेळ्या राखत होती. तिनं सारजाबाईला आवाजावरून ओळखलं.

“ते पांढऱ्या फुलाचे कांदे? मशीननं मातीसंगं उचलले की. ट्रॉल्या भरून रस्त्यावर टाकले. वरून रोलर फिरला.”

मैथिलीनं तरी पार पुढच्या पुलापर्यंत काठ धुंडाळला. सारजाबाई मात्र त्या नव्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. परतताना पाथरीला एसटी बदलून ती माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “म्हंजे माझं माहेर आता त्या रांजणातच हाय बाई.”

मैथिलीनं तिच्याजवळ एक कांदा मागितला. एक कांदा कॉलेजच्या बागेत राहिला तर वाण दोन ठिकाणी राहील, उद्या इथं काही झालं तर तिथून परत आणता येईल. सारजाबाई लगेच कबूल झाली. पण तेव्हा कांदा भर पानांत होता. आत्ता उपटला तर दुखावेल, पुढच्या मे महिन्यात, मृगाच्या आधी येऊन नेते, असं मैथिली म्हणाली. तेव्हा ते सगळ्यांनाच शहाणपणाचं वाटलं.

त्याच वर्षी दसऱ्याला लिंबाजी मागं राहिला. आधीच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तो पडला होता. त्या गुडघ्यानं पुन्हा साथ दिली नाही. तोडणीच्या टोळीचा मुकादम अंगणात आला, त्यानं लिंबाजीला चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाला, “लिंबाजी, औंदा तुमी घरीच बसा.” बैल विकत घेताना चालवून बघतात तसं चालवलं त्याला, माझ्या डोळ्यांदेखत. लिंबाजी हसला. सारजाबाई गोपीचंद आणि सुनेबरोबर निघाली; नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ही एकटी म्हणून अर्धा कोयता.

निघताना तिनं बजावलं, “रांजणाकडं ध्यान द्या. आन् कांद्याला हात लावू नका. हलला की फूल धरत न्हाई.”

“माझं मेव्हणं हाय ते,” लिंबाजी म्हणाला. “त्येला उपाशी ठिवीन व्हय?”

जन्मात पहिल्यांदा लिंबाजीनं आपल्या गावातला हिवाळा बघितला. “बाई, आपल्याकडचा हुरडा इतका गोड असतोय?” असं त्यानं एकदा मला विचारलं. त्याचं स्वतःचं बोलणं मात्र आटत चाललं होतं. टिंगल करायला माणूस लागतं, आणि त्याच्या वयाची धडधाकट माणसं सगळी उसाच्या फडात. जी गावात होती ती विचारायची, “लिंबाजी, बायकोला धाडून घरी बसलास व्हय?”

थंडी वाढली तशी रांजणातली पानं पिवळी पडून लोळायला लागली. लिंबाजी हादरला. त्या घरातल्या कुणी ते झाड थंडीत बघितलंच नव्हतं. दसऱ्याला हिरवं सोडून जायचं, होळीला परतल्यावर नुसती कोरडी माती दिसायची, उन्हाळ्यात प्यायलाच पाणी नसल्यानं तिला कुणी घालायचं नाही, आणि मृगात पुन्हा हिरवं; पानं कधी, कशी जातात ते कुणाला माहीत नाही. पानं सुकली म्हणजे पाणी कमी पडलं, एवढंच त्याला कळलं. हापशावरून कळशी आणताना तो मारुतीच्या पारावर एकदा बसायचा, शाळेच्या भिंतीला टेकून एकदा थांबायचा, आणि उरलेलं अंतर दात खाऊन चालायचा. एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी रांजणाच्या तड्यातून खाली निघून जायचं. त्याचा जीव तळमळायचा. माझ्या न्हाणीघराच्या कामातलं थोडं सिमेंट उरलं होतं, ते त्यानं मागून नेलं आणि तडा पक्का बुजवला.

“आता थेंब वाया जात न्हाई,” तो म्हणाला. किती दिवसांनी चेहरा फुलला होता त्याचा! घर बंद असताना मीही कधी तिकडे डोकावले नव्हते; माझ्या कुंड्यांना मी बारा महिने पाणी घालते, मला त्यात वावगं काही दिसलं नाही. वर त्यानं शेणखत घातलं. पानं सगळी गेली तरी पाणी थांबवलं नाही, आणि बायकोनं सांगितलं होतं म्हणून कांद्याला हात लावला नाही. गोपीचंदच्या फोनवरून सारजाबाई विचारायची, “मेव्हणं कसं हाय?”

“पानं झडलीत. पर मी सोडत न्हाई त्येला. पाणी पाजायलोय.”

होळी झाली आणि ती परतली. रापलेली, निम्मी झालेली. घरात न जाता आधी रांजणाजवळ गेली. मी कुंपणाशीच होते. लिंबाजी काठी टेकत तिच्यामागं आला. “एक दिस बी चुकलो न्हाई, बघ,” तो म्हणाला. सारजाबाईनं मातीत मनगटापर्यंत हात घातला आणि तो तसाच थांबला. मग तिनं हात बाहेर काढला, पदराआड धरला आणि वरची माती सारखी केली.

“लय वल्लं ठिवलंय तुमी,” ती म्हणाली.

“मंग! मेव्हणं हाय माझं.”

ती घरात गेली. लिंबाजी जरा पडल्यावर ती माझ्याकडे आली आणि हात पुढं केला. राखेनं घासूनही त्याचा सडका वास गेला नव्हता. सगळा लगदा झाला होता, एक कांदासुद्धा धड नव्हता. मी मैथिलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पाणी कधी, किती घातलं ते तिनं आधी विचारून घेतलं. मग तिनं सांगितलं की हा कांदा पानं झडल्यावर पाऊस येईपर्यंत कोरडा झोपतो. तेव्हा ओल साचली की सडतो. तडा होता म्हणून पावसाचं पाणी निघून जायचं, आणि घर बंद म्हणून वरून कुणी घालत नव्हतं.

“म्हंजे आमी घरी नसायचो म्हणून जगला व्हय?” सारजाबाईनं विचारलं.

“हो मावशी.”

सारजाबाई माझ्या ओट्यावर बसून रडली. भाऊ गेला तेव्हा ती फडात होती, मातीलाही पोचली नव्हती. ते सगळं रडणं तिनं त्या दुपारी रडून घेतलं. मलाही आवरलं नाही. मग डोळे पुसून म्हणाली, “त्यांला सांगू नका बाई.”

माझं डोकं फिरलं. “अगं, मृगात कळणारच आहे त्याला. खोटं किती दिवस पुरणार?”

“पुरंल तवर पुरंल. कोयता गेला त्यांचा. आता हे बी त्यांच्याच हातानं गेलं म्हणलं तर माणूस खाटेवरून उठायचा न्हाई.”

मे महिन्यात मैथिली आली नाही. काय न्यायला येणार होती? मृग आला, पाऊस झाला. माझ्या लिल्यांना फुलं आली. लिंबाजी रांजणाजवळ पोतं टाकून बसू लागला. अंगणात पोरं खेळायला लागली तर हाकलायचा. “बाई, तुमचं समदं फुललं. आमचं मेव्हणंच रुसलंय जणू,” एकदा त्यानं मला विचारलं. “येईल ना?”

आयुष्यभर पोरांच्या खोटेपणावर छड्या मोडलेली मी. “येईल,” म्हणाले आणि आत गेले.

पंचमीच्या आदल्या दिवशी सारजाबाईनं भावाचा उपास धरला. दुसऱ्या दिवशी तिनं त्या उघड्या मातीला हळदी-कुंकू वाहिलं. लिंबाजी तिच्या मागं टोपी सारखी करून उभा होता. या वेळी कुणी हसलं नाही.

आणि पुन्हा दसरा झाला. दारात ट्रॅक्टर आला, शेळ्या चढल्या, चूल चढली. सारजाबाई ट्रॉलीत बोचक्यावर बसली होती. लिंबाजी काठी टेकत जवळ गेला आणि ट्रॉलीची फळी धरून उभा राहिला.

“सारजे,” तो म्हणाला, “मेव्हण्याला पाणी घालत ऱ्हाऊ ना?”

सारजाबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“घाला,” ती म्हणाली. “रोज घाला.”

ट्रॅक्टर वळणाआड गेला. लिंबाजीनं ओसरीवरची कळशी उचलली आणि हापशाकडे निघाला.