दारात बसलेली रोहिणीताई

रोहिणीताई बारमध्ये शिरली की टेबलाकडे जायचीच नाही. वेटर खुर्ची ओढून उभा, आम्ही भिंतीवरच्या जुन्या कंदिलांचे फोटो काढण्यात गुंग, आणि ही बाई खांद्यावरची पिशवी सावरत थेट स्वयंपाकघरापर्यंत चालत जायची. तिथून परत येऊन विचारायची, "मागचं दार कुठं हाय हो तुमचं?" बाईंना बाथरूमला जायचं असेल, असं समजून वेटर भलतीकडेच बोट दाखवायचा.

आमचा ग्रुप रेल्वेवेड्यांचा. घाटातल्या बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या टिपायच्या, नुसत्या हॉर्नवरून इंजिन ओळखायचं, असले आमचे उद्योग. दिवसभर उन्हात उभं राहिल्यावर संध्याकाळी कुठंतरी बसायचं, आणि बसायचं तर रेल्वेची सजावट असलेल्या बारमध्येच, हा आमचा हट्ट. कर्जत-नेरळच्या बाजूला आणि खाली जुन्या हायवेला अशी ठिकाणं बरीच निघाली आहेत. कुठे डब्यासारखी बाकडी, कुठे वेळापत्रकासारखं मेनूकार्ड, तर कुठे ऑर्डर आली की गार्डची शिट्टी. बाहेरगावच्या मंडळींनाही ती सापडावीत म्हणून सगळ्यांची माहिती देणारी एक वेबसाइट करायचं ठरलं. मी कर्जतला कॉम्प्युटर क्लास चालवतो, त्यामुळे ते काम माझ्या गळ्यात आलं. बार बघायला जायचं काम ताईनं आपणहून घेतलं.

ताई रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होती. पोशीरची. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीच्या घरात राहायची. मामा घाटातल्या ठाकुरवाडीला पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथं गेलेल्या, त्यामुळे रेल्वे तिच्या अंगातच होती. बारमध्ये ती एक बियर मागवायची आणि अर्धीच प्यायची. "आपल्याला चव बगायची, पवायचं नाय," म्हणायची. मग मात्र दारासमोरची कांद्याची पोती उचलायला लावल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. कुणी वैतागून म्हणालं, "ताई, आम्ही प्यायला आलोय, तपासणीला नाही," तर ती म्हणे, "पी ना रं निवांत. बाहेर पडता येतंय का, येवढंच बगते मी."

वेबसाइटवर प्रत्येक बारच्या माहितीत मागच्या दाराबद्दल लिहायचंच, असा तिनं धोशा लावला. ग्रुपमधले पुण्याचे दोघे हसले. रेल्वेच्या गमतीत हे कशाला, म्हणाले. ताई शांतपणे बोलली, "घाट उतरताना गाडी ठाकुरवाडीला उभी करतात, ब्रेक बगायला. उशीर होतो म्हणून कोण वरडतं का?"  तेव्हापासून तिच्या पाठीमागे तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायला सुरुवात झाली. तिला ते कळलं होतं.

खरं वाजलं ते 'सिग्नल'वरून. खालापूरच्या जरा पुढे असलेला हा बार म्हणजे आमचं दैवत. लांबलचक अरुंद हॉल, आतून हुबेहूब रेल्वेचा डबा. खिडक्या खोट्या, त्यांत घाटाची चित्रं आणि मागे दिवे. शेवटच्या भिंतीवर तर पूर्ण आकाराचा गार्डचा डबा रंगवलेला, दाराची मूठ आणि पायरीसकट. मालक दिलीपशेठ स्वतः रेल्वेवेडा, मनानं दिलदार. आमची वार्षिक बैठक त्यानं आपल्याकडे ठेवली होती आणि वेबसाइटही त्याच दिवशी सुरू व्हायची होती.

ताई बघून आली आणि ग्रुपवर एकच ओळ टाकली : "चित्राच्या मागे खरं दार आहे. प्लायवूड ठोकून बंद केलंय. ते उघडेपर्यंत बैठक तिथे नको."

ग्रुप पेटला. कुणी तिला समजावलं, कुणी टोचून बोललं. दोन दिवसांत दिलीपशेठच्या कानावर गेलंच.

त्या रविवारी मी पोशीरला तिच्या घरी फोटो निवडायला गेलो होतो. अंगणात जीप थांबली. दिलीपशेठ आणि त्याच्याबरोबर दोन माणसं उतरली. ताईचा भाऊ बबनदादा गोठ्यातून हात पुसत पुढे आला.

"तुमची बहीण कुठं कुठं बसते, ठाव हाय का दादा?" दिलीपशेठनं बसायच्याही आधी तोंड उघडलं. "सगळ्या हायवेचे बार पालथे घातलेत तिनं. आन् वर आमची बदनामी करते."

बबनदादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बहीण रेल्वेच्या मीटिंगला जाते, एवढंच तो जाणून होता. त्यानं ताईकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यावर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. भावजय दारातच थबकली.

"जाते मी," ताई म्हणाली. हातातले फोटो तिनं खाली ठेवले. "बियर पण पिते अर्धी. त्याचं काय ते मी दादाशी बोलीन. तुमी दाराचं बोला, शेठ."

"नाय उघडणार ते दार!" तो ओरडला, आणि मग एकदम त्याचा आवाज बसला. "त्या भिंतीवर माज्या भावाचा हात हाय. सुरेशचा. चित्र पुरं केलं आन् त्या पावसाळ्यात गेला तो. मी त्याच्यावर करवत चालवू?"

 त्याच्याबरोबर आलेली माणसं खाली बघायला लागली. ताई उठली, आतून पाणी आणून तिनं त्याच्यासमोर धरलं.

"मला म्हायती नव्हतं," ती म्हणाली. "वाईट वाटतं, शेठ. पण दार उघडायलाच हवं."

त्यानं पाण्याला हात लावला नाही. जीप गेली. बबनदादा गोठ्यात परतला, आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरात भाऊ-बहिणीचं बोलणं भावजयीच्या मार्फत चाललं. "वहिनी, दादाला सांग, डबा नेला मी," असं. ताई मला म्हणाली, "शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं रं."

बैठक 'सिग्नल'लाच झाली. ग्रुपनं मतदान घेतलं आणि ताई हरली. ती येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण ती आली. आत मात्र बसली नाही. बाहेरून एक प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि मुख्य दारात, एका अंगाला टाकून बसली. दारासमोर मोटारसायकल लावणाऱ्याला ती लांब पिटाळायची, आतल्या बाजूला टाकलेल्या सॅक उचलायला लावायची. लोक हसत तिच्या बाजूनं आत जात होते. दिलीपशेठनं तिच्याकडे पाहिलंही नाही, पण जेवणाचं ताट वेटरच्या हाती दारात पाठवलं.

दुपारी जेवणं चालू असताना वीज गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण त्या खिडक्या खोट्या! आत काळोख झाला. मागच्या अंगाला जनरेटर सुरू झाला आणि त्याचा धूर स्वयंपाकघरातून हॉलमध्ये घुसला. कुणीतरी ओरडलं, "आग! आग!"

मी मध्यावर होतो. बाकडी पडली, ताटं पडली, कुणाचं तरी कोपर माझ्या तोंडावर बसलं. पुढचे लोक उजेडाकडे धावले. पण मागच्या निम्म्या लोकांना सगळ्यात जवळ दिसलं ते गार्डच्या डब्याचं दार. ते त्याच्याकडे धावले. धुरात मोबाइलचे दिवे हलत होते आणि त्या उजेडात मला दिसलं, माणसं चित्रातल्या मुठीवर हात मारत होती. "उघडा! अरे उघडा!" त्यांच्यात दिलीपशेठची म्हातारी आई होती, पाहुण्यांना वाढायला आलेली. मागून रेटा वाढत होता आणि ती भिंतीशी दाबली जात होती.

तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला. कारखान्यात मशिनींच्या वर चढवायचा तो आवाज. "इकडं! माज्या आवाजाकडं या! ते दार खोटं हाय! भिंतीला हात लावून, एकेक!" ती थांबली नाही, तेच तेच ओरडत राहिली. रेटा सैल झाला. मागचे लोक वळले. दाराशी सॅक नव्हत्या, गाड्या नव्हत्या. माणसं सरळ बाहेर आली. म्हातारीला दिलीपशेठनं उचलून आणलं.

आग नव्हतीच. थोड्या वेळात काहीजण हसायला लागले. दिलीपशेठ मात्र आईच्या खरचटलेल्या हातांवर पाणी ओतत जमिनीवर बसून होता. ताई स्टुलावरून उठली होती. तिचा घसा पार बसला होता. तिनं कुणालाही काही सुनावलं नाही. माझ्या हातात रुमाल देऊन, ओठाला रक्त आलंय, एवढंच खुणेनं सांगितलं.

नंतर गुजरातेतल्या एका मोठ्या कारखान्यात तिला जागा मिळाली आणि ती गेली. आता फोनवरच भेटते. पण ती जायच्या आधी दिलीपशेठनं तिला बोलावून घेतलं. तिला घेऊन आला बबनदादा, स्वतःच्या टेंपोतून. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदाच बारमध्ये शिरत होता. अंग चोरून एका बाकड्याच्या टोकावर बसला आणि त्यानं चहा मागितला. स्वयंपाक्यानं तो कुठून तरी करून आणला.

सुतारानं चित्रातल्या दाराच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारली. सुरेशनं चित्रातलं दार नेमकं खऱ्या दाराच्या मापाचंच काढलं होतं. करवत लागली तशी दिलीपशेठनं तोंड फिरवलं. रंगाचे टवके उडू नयेत म्हणून ताई दोन्ही तळवे प्लायवूडवर दाबून उभी राहिली, भुसा केसांत पडत होता तरी हलली नाही. मग सुतारानं तो कापलेला तुकडा मागच्या खऱ्या दारावरच पक्का ठोकला, बाहेर जाऊन दाराची कडी काढून टाकली आणि आत येऊन धक्का दिला.

मागे भाताचं शेत होतं. उजेड थेट हॉलच्या मध्यापर्यंत आला. गार्डच्या डब्याचं दार, सुरेशच्या रंगासकट, बाहेरच्या बाजूला उघडं पडलं होतं.

 बबनदादा चहाचा कप घेऊन उठला, त्या दारात जाऊन उभा राहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बहिणीशी सरळ बोलला.

"रोहिणी, हितं ये गं. वारा बग कसा येतोय."