बसून न वाजणारा बँड

तिसरा टेकही फसला तेव्हा सिद्राम मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. टेक म्हणजे गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेपवर घेण्याचा एक प्रयत्न. आमचे प्रयत्न निम्म्यातच कोसळत होते. ढोल पुढे पळत होता, ट्रंपेट मागे रेंगाळत होतं. आणि ही माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारी!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जोडीला मी रेकॉर्डिंगची कामं घेत असे. मास्तरांचा बँड सात जणांचा, लग्नाच्या वरातीत वाजवणारा. त्यांची एक छोटी रेकॉर्ड आधी निघाली होती. आता पुण्याच्या एका लहानशा कंपनीने लाँग प्ले, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड, काढायचं कबूल केलं होतं. मात्र टेप आम्हीच करून पाठवायची. सगळ्या चाली मास्तरांनी स्वतः बांधलेल्या, त्यामुळे त्यांचा जीव त्या रेकॉर्डमध्ये अडकला होता.

त्यात दातांची भानगड उपटली. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात तोंडात धरायच्या टोकावर टेकवावे लागतात. मास्तरांचे नेमके तेच दात हलायला लागले होते आणि हिरडीत पू झाला होता. डॉक्टरांनी सोमवारी दात काढायचं ठरवलं होतं. थांबलात तर जबडा जाईल, असं बजावलं होतं. कवळी लावून पूर्वीसारखी फुंकर बसणार नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे जे काही करायचं ते त्या रविवारी.

म्हणून मी ओळखीने शाळेचा हॉल मिळवला होता. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. आमचा ट्रंपेटवाला चादरींच्या कारखान्यात कामाला होता. त्याने मालकाला गळ घालून गठ्ठेच्या गठ्ठे चादरी आणल्या, त्या आम्ही भिंतींवर टांगल्या. घूम गेली. पंख्यांची घरघर टेपवर येऊ नये म्हणून पंखे बंद केले. सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा. सगळे घामाने निथळत होते. एवढं सगळं व्यवस्थित करून मी मंडळींना खुर्च्यांवर बसवलं होतं.

"मास्तर, आज झालंय काय सगळ्यांना?" मी विचारलं.

मास्तर मिठाच्या पाण्याने चूळ भरून आले. "साहेब, बसून कसं वाजवायचं वो? आमी कदी बसून वाजविलंच न्हाय की."

बसू नावाचा आमचा ढोलवाला म्हणाला, "पाय चालले की हात चालतेत. हितं पायच बांधलेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. वरातीतला बँड! त्यांचा ताल पावलांत होता आणि मी तो खुर्चीला बांधून ठेवला होता. पण ही मंडळी चालायला लागली तर माइकजवळ येणार, लांब जाणार, आवाज लहानमोठा होणार. यावर एकच उपाय सुचला. माझ्याकडे चारी बाजूंचा आवाज घेणारा एक माइक होता. तो हॉलच्या मधोमध तुळईला टांगला. त्याच्याभोवती सगळ्यांनी गोल फिरायचं. मास्तर आतल्या गोलात, ढोल सगळ्यात बाहेर. गोलात अंतर बदलत नाही, म्हणजे आवाजही बदलत नाही.

"परदक्षिणा घालालाव का काय आमी?" बसू हसला.

"घाला. देव पावेल," मी म्हणालो.

उरलेल्या चादरी जमिनीवर अंथरल्या, वहाणा बाहेर काढायला लावल्या. अनवाणी पावलांचा आवाज टेपवर येत नव्हता. पहिल्याच फेरीत बँड असा जुळला की माझ्या अंगावर काटा आला. एकाच बाजूला फिरून बसूला गरगरायला लागलं, तेव्हा दर गाण्याला दिशा बदलली. नव्या चादरींचा तो रंगाचा नि खळीचा वास आजही कुठे आला तर मला तो हॉल आठवतो आणि आत कुठेतरी दुखतं.

पुढची अडचण निघाली ती शेवटाची. यांना गाणं संपवताच येईना! वरातीत नवरा घोड्यावरून उतरला की कुणीतरी हात वर करतो आणि बँड थांबतो. इथे घोडाही नाही आणि मांडवही नाही.

"तुमीच हात वर करा," मास्तर म्हणाले. झालं, मी वरबाप झालो. मी हात वर करायचो, गाणं तिथे तुटायचं.

शेवटचं गाणं राहिलं ते पाठवणीचं. मास्तरांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात बांधलेली ती चाल. तोवर त्यांचा ओठ सुजला होता. "पुरे करू या का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि फिरायला सुरुवात केली.

वेळ झाली, मी हात वर केला. सहा जण थांबले. मास्तर थांबले नाहीत. डोळे अर्धवट मिटून ते एकटेच त्या चादरींवरून फिरत राहिले. बसूने माझ्याकडे पाहिलं. मी बोट ओठांवर ठेवलं. थोड्या वेळाने टेप संपली, तिचं टोक सुटून फडफडायला लागलं. मी हाताने चाक धरून ठेवलं. मास्तर वाजवतच होते. तसं क्लॅरिनेट मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती मला लपवावीशी वाटली नाही.

शेवटी ते आपणहून थांबले. क्लॅरिनेट पुसलं.

"मास्तर, टेप मघाशीच संपली," मी म्हणालो.

"व्हय, दिसलं मला," ते म्हणाले. "पुण्यावाल्यांचं त्येंना दिलं की समदं. ह्ये आमचं आमाला."

सोमवारी दात गेले. मास्तरांनी पुन्हा क्लॅरिनेट हातात घेतलं नाही. रेकॉर्ड निघाली, थोडीफार वाजली. त्याआधी टेप ऐकताना कंपनीचे शेठ मला म्हणाले होते, "अहो, शेवटचं गाणं संपतच नाही. क्लॅरिनेट एकटंच हळूहळू लांब जातंय."

"फेड-आउट केलंय," मी म्हणालो. फेड-आउट म्हणजे आवाज उतरवत उतरवत नाहीसा करणं; गाणं मधेच तुटल्यासारखं वाटू नये म्हणून पाठवायची टेप करताना मी शेवट तसा उतरवला होता. "हल्ली तशी फॅशन आहे."

धंद्याचा नियम असा की कोऱ्या टेपचा एक जास्तीचा स्पूल कायम जवळ ठेवावा. त्या रविवारी तो माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही, आणि आज कुणी विचारलं तरी मी तेच करीन.