उस्तादांचा दुसरा साक्षीदार

मदरशात हदीस शिकवणाऱ्या उस्तादांना गल्लीत सगळे ‘कोणाकडून’ म्हणत, अर्थात पाठीमागे. पैगंबरांचं वचन पिढ्यान्‌पिढ्या कोणी कोणाला सांगितलं, ती साखळी पारखणं हे त्यांचं काम. साखळीतला माणूस सचोटीचा होता का, त्याची आठवण पक्की होती का, ज्याचं नाव सांगतो त्याला तो खरंच भेटला होता का, सगळं बघायचं. शेकडो वर्षांपूर्वी वारलेला एखादा बिचारा म्हातारपणी विसरायचा, एवढं कळलं की उस्ताद त्याला ‘कच्चा’ ठरवून मोकळे. नुसता नमाजी आहे म्हणून कोणावर विसंबू नका आणि बातमी सोयीची असेल तर दुप्पट तपासा, असं ते टेबलावर बोट आपटून शिकवत.

घरीही तोच खाक्या. बायकोचा धाकटा भाऊ तर कायमचा बाद होता. बड्या डॉक्टरांशी बोलणं झालं म्हणून त्याने एकदा सांगितलं आणि प्रत्यक्षात बोलला होता त्यांच्या ड्रायव्हरशी. तेव्हापासून तो ‘आग लागली’ म्हणून ओरडला असता, तरी उस्तादांनी दुसरा साक्षीदार मागितला असता.

मग मदरशाचे मुख्य मौलवी निवृत्त झाले. मेहुणा चहाला आला आणि म्हणाला, “भाऊजी, खुर्ची तुम्हालाच मिळतेय. अगदी पक्कं.”

उस्तादांनी काहीच विचारलं नाही. त्याला आणखी एक कप चहा दिला आणि तो गेल्यावर बायकोला म्हणाले, की तुझा भाऊ वाटतो तेवढा वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पुस्तकं मुख्यांच्या खोलीत हलवली. पंखा कुरकुरतो म्हणून शिपायाला झापलं, उशिरा येणाऱ्या शिक्षकांना बोलावून घेतलं. कोणी चकार शब्द काढला नाही. एवढा चिकित्सक माणूस खात्री केल्याशिवाय खुर्चीत बसेल कसा? दुपारपर्यंत अख्खा मदरसा ती बातमी उस्तादांच्याच हवाल्याने सांगू लागला. संध्याकाळी ग्रंथपालाने अभिनंदन केलं आणि उस्तादांना दुसरा साक्षीदारही मिळाला.

दोन दिवसांनी समितीचे चिटणीस व्याकरणाच्या मास्तरांना घेऊन खोलीत आले. नवे मुख्य हे मास्तर होते. चिटणिसांनी फार अदबीने विचारलं, की आपण इथे कसे? उस्तादांनी पुस्तकं उचलली. शिपायाने मदत केली नाही.

घरी मेहुण्याची उलटतपासणी झाली. बातमी न्हाव्याच्या दुकानात ऐकली होती म्हणे.

“सांगणारा कोण होता?”

“तोंडाला फेस होता, ओळखला नाही. तेव्हा विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं की.”

मेहुणा पुन्हा बाद झाला. ऐकणाराही पारखायचा असतो का, असं बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं. शास्त्रात तसं कलम नाही, असं म्हणून उस्ताद दुसऱ्या खोलीत गेले.

नवे मुख्य मनाने मोठे निघाले. त्यांनी उस्तादांचा विषय उस्तादांकडेच ठेवला. मेलेल्या माणसांशी इतकं कडक वागणारा दुसरा कोणी नाही, असं ते भर सभेत म्हणाले. हसू लपवायला सगळ्यांनी माना खाली घातल्या. उस्तादांनी मान ताठ ठेवून ते कौतुक स्वीकारलं.