बाहेर उघडणारं दार

आमच्या प्रदर्शनाचे खरे मालक म्हणजे मिस्त्री. चित्रं माझी असली, तरी ती खोक्यांत भरणं, गावोगाव नेणं आणि भिंतीवर टांगणं त्यांच्या हातात. त्यात कुणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नाही, अगदी मीसुद्धा. पंचवीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या घरांना दारं बसवली. स्वतः मात्र आई, बायको आणि दोन मुलींसह एका खोलीत राहतात.

त्या खोलीबाहेरच्या बोळात बसून मी दोन दुपारी कच्ची रेखाटनं केली आणि घरी येऊन मोठं चित्र रंगवलं: अर्धवट उघडं दार, आत खालीच अंथरुणावर त्यांची आई. राहायला कुणाला किती जागा मिळते, हाच माझ्या प्रदर्शनाचा विषय. दहा गावांत लोकांनी हे चित्र डोक्यावर घेतलं. अकरावं गाव मिस्त्रींचं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी ते म्हणाले, "ताई, हे चित्र मी टांगणार नाही."

"का?"

"दार आत उघडलंय. तसं उघडलं तर आईच्या डोक्यावर आपटेल. आमच्या खोल्यांच्या ओळीत सगळी दारं बाहेर उघडतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग दहा गावांत का मूग गिळून बसलात?"

"तिथं आम्हाला कोण ओळखत होतं? उद्या घरची येणार आहे. हे आपलं घर नाही म्हणाली, तर मी काय तोंड दाखवू?"

मी तावातावाने चित्रापुढे गेले आणि दार नीट पाहिलं. माझ्या घरची सगळी दारं आत उघडतात. हाताने सवयीने तेच काढलं होतं. घरांवर भाषणं ठोकणारी मी, मला भयंकर लाज वाटली. रंग काढले आणि दार बाहेर उघडलेलं रंगवायला घेतलं. मिस्त्री दुपारभर मागे उभे होते. "बिजागरी थोडी खाली घ्या, ताई," एवढंच बोलले. मग चित्र त्यांनी स्वतः टांगलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. तिने फळीवरचे डबे न्याहाळले, सासूची गोधडी ओळखली. मिस्त्रींना घाम फुटला होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

उत्तर द्यायच्या आधी ती पाऊलभर बाजूला सरकली.

"अहो, समोरच उभ्या राहा की."

"नको," ती म्हणाली. "आतून सासूबाईंनी दार ढकललं, तर मला लागायचं."